‘निकाह जिहाद’चा फतवा काढला कुणी?

सीरियाच्या युद्धाचा विषय निघाला की एक गोष्ट हमखास पुढे येते: ट्युनिशियाच्या मुली फतवा ऐकून स्वखुशीने ‘निकाह जिहाद’ला, म्हणजे अतिरेक्यांना शरीरसुख देण्याच्या तथाकथित ‘धर्मकार्या’ला गेल्या, शंभर-शंभर अतिरेक्यांसोबत राहिल्या, गरोदर होऊन परतल्या. हे ऐकून मला चीड येते, कारण यात खऱ्या बळीही झाकल्या जातात आणि खऱ्या गुन्हेगारही.

‘फतवा निघाला होता.’ नाव घेतलं जातं सौदी धर्मोपदेशक मोहम्मद अल-अरीफी यांचं. त्यांनी साफ इन्कार केला होता. सीरियात लढायला जा, असं उघड सांगणारा हा माणूस. त्याची बाजू मला घ्यायचीच नाही. पण जे तो बोलला तेच पुरेसं वाईट आहे, त्याच्या नावावर खोटं कशाला खपवायचं?

‘मंत्र्यानेच सांगितलं.’ खरं आहे. ट्युनिशियाचे तेव्हाचे गृहमंत्री लोत्फी बेन जेद्दू १९ सप्टेंबर २०१३ रोजी संविधान सभेत ‘वीस, तीस, शंभर’ म्हणाले. पण हे आकडे एकेका मुलीमागच्या पुरुषांचे! मुली नेमक्या किती, ते त्यांनी सांगितलंच नाही.

‘एका मुलीने टीव्हीवर कबूल केलं.’ सोळा वर्षांची पोर, तीही सीरियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष असद यांच्या सरकारी वाहिनीवर. तिला सरकारी माणसांनीच पळवून नेलं होतं, असं तिच्या घरच्यांचं म्हणणं. याला पुरावा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

‘बायका तिथे फक्त शेजेपुरत्या.’ सीरियातल्या रक्का शहरात आयसिस या अतिरेकी संघटनेची अल-खन्सा ही बायकांची तुकडी होती. पेहराव नियमात नाही म्हणून ती बायकांनाच फटके मारायची. कॅन्ससहून गेलेल्या अ‍ॅलिसन फ्लूक-एक्रेनने शंभराहून जास्त बायका-मुलींना एके-४७ आणि स्फोटकांचे पट्टे वापरायला शिकवलं. २०२२ मध्ये अमेरिकी कोर्टाने तिला २० वर्षांची शिक्षा दिली.

आणि ‘स्वखुशीने’? ऑगस्ट २०१४ मध्ये आयसिसने इराकमधल्या सिंजारमधून यझिदी या अल्पसंख्य धर्माच्या हजारो बायका-मुली पळवल्या, विकल्या. त्यांतली एक पाच वर्षांची मुलगी आईसोबत फलुजातल्या एका घरी गुलाम होती. २०१५ च्या उन्हाळ्यात तिने अंथरूण ओलं केलं, म्हणून घरधन्याने तिला भर उन्हात साखळीने बांधलं. त्याची जर्मन बायको बघत राहिली. पोर तिथेच गेली. पुढे म्युनिकच्या कोर्टात त्या बाईसमोर उभी राहून साक्ष दिली, ती त्या मुलीच्या आईने.