पाय मोजण्याआधी साल विचारा

युरोपातल्या एखाद्या जुन्या ढालीवर पंखांचा प्राणी दिसला की लोक आधी पाय मोजतात. चार असले तर ड्रॅगन, दोन असले तर वायव्हर्न, निकाल लागला! मध्ययुगीन कुलचिन्हांवर हा सरळसरळ अन्याय आहे. ही वाटणी मुळात इंग्लंडची, आणि तिथेही ती सोळाव्या शतकात पक्की झाली. त्याआधी दोन पायांचा प्राणीही ड्रॅगनच होता. अकराव्या शतकातल्या बायो टॅपेस्ट्रीत, म्हणजे भरतकाम केलेल्या लांबलचक चित्रपट्टीत, इंग्लंडचा हॅरॉल्ड राजा लढाईत पडतो तिथलं ड्रॅगनचं निशाण बघा, पाय दोनच आहेत. फ्रान्समध्ये तर दोन पायांचा ड्रॅगन पुढेही नेहमीचाच राहिला. ढालीच्या आकारालाही तो छान बसतो: वरच्या रुंद भागात पंख आणि डोकं, खालच्या निमुळत्या टोकात वेटोळं घेतलेली शेपटी.

म्हणून आधी साल आणि देश बघा, मग डोकं, मग शेपटी. कोंबड्याचं डोकं, तुरा आणि चोचीखाली लोंबणारे मांसल गलोल असतील तर तो कॉकट्रिस. त्याच्याच शेपटीच्या टोकाला आणखी एक डोकं असेल तर बॅसिलिस्क. पुढून गरुड, मागून सिंह आणि डोक्यावर उभे कान असतील तर ग्रिफिन. लंडन शहराची जुनी वेस असलेल्या टेम्पल बारवर १८८० साली बसवलेल्या पुतळ्याला लोक सर्रास ग्रिफिन म्हणतात, पण शहराच्या चिन्हात आहेत ते ड्रॅगन. मिलानच्या व्हिस्कोंती घराण्याच्या ढालीवर माणूस तोंडात धरलेला प्राणी आहे. त्याला ना पंख, ना पाय. तो सापच, ड्रॅगन म्हणू नये.

रंगांबद्दलही असाच घोळ होतो. नियम असा की रंगावर रंग आणि धातूवर धातू ठेवायचा नाही. सोनेरी, रुपेरी हे धातू, लाल, निळा, काळा, हिरवा हे रंग. मग वेल्सच्या झेंड्यावर लाल ड्रॅगनचे पाय हिरव्यावर कसे? कारण जमीन, म्हणजे चिन्हामागची पार्श्वभूमी, दुभागलेली आहे: वर पांढरा, म्हणजे रुपेरी धातू, खाली हिरवा रंग. अशा मिश्र जमिनीवर दोन्ही चालतात. पांढरा-हिरवा हे इंग्लंडच्या ट्यूडर राजघराण्याचे रंग. १४८५ साली बॉसवर्थच्या लढाईत हेन्री ट्यूडर, म्हणजे पुढचा राजा सातवा हेन्री, लाल ड्रॅगनचं निशाण घेऊन लढला, आणि पुढे तो ड्रॅगन राजचिन्हाची ढाल धरून उभा राहिला. १६०३ मध्ये स्कॉटलंडचा राजा पहिला जेम्स म्हणून इंग्लंडच्या गादीवर आला आणि ती जागा स्कॉटलंडच्या युनिकॉर्नला, म्हणजे एकशिंगी घोड्याला, मिळाली. वेल्सचा आजचा झेंडा अधिकृत झाला तो थेट १९५९ साली.