दाढ माझी, उपचार वाड्याचे

दाढ एकट्याची दुखत असली, तरी वडोद्याच्या दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात तिच्यावर हक्क सगळ्या बिऱ्हाडांचा असतो. माझा गाल सुजलेला दिसताच शेजारच्या काकूंनी लवंगेच्या तेलाचा बोळा स्वतःच्या हाताने दाढेत बसवला. लवंगेतील युजेनॉलमुळे कळ काही काळ बधिर होते, हे खरे; परंतु काकूंचा हात सढळ असल्यामुळे दाढेबरोबर जीभ आणि अर्धा ओठही बधिर झाला आणि संध्याकाळपर्यंत तोंड आतून चांगलेच पोळले.

वरच्या मजल्यावरचे आप्पा संस्कृतचे निवृत्त शिक्षक. दातवण १२ अंगुळे लांब आणि करंगळीच्या टोकाएवढे जाड असावे, वड, खैर, करंज यांपैकी कशाचेही चालेल, असा प्राचीन आयुर्वेदाचार्य वाग्भटाचा हवाला त्यांनी दिला. मांडवीकडे जाताना रस्त्याकडेला दातण विकणारी बाई मात्र ‘बावळनुं लई जाव’ (बाभळीचेच न्या) यावर ठाम होती आणि तिच्या काड्या वाग्भटाच्या मापात बसत नव्हत्या. बाभळीतील टॅनिनने हिरड्या आवळतात, याबद्दल माझी तक्रार नाही; पण ज्याला मऊ भातसुद्धा एका बाजूने गिळावा लागतो, त्याने काडी चावून तिचा कुंचला करायचा कसा? शिवाय तोंड आले असेल तर दातवण करू नये, असेही त्याच वाग्भटाने सांगून ठेवले आहे. आप्पांना ते काडी विकत आणून झाल्यावर आठवले.

पुढे पेरूच्या पानांचा काढा झाला, त्रिफळ्याच्या गुळण्या झाल्या. मिसरी लावायला सांगणाऱ्या मावशींना मी हात जोडले, कारण तंबाखूही झाडच असली, तरी तिने दात सांभाळण्याऐवजी तोंडाचा कर्करोग ओढवतो.

अखेर दंतवैद्यांच्या खुर्चीत बसलो. तोंडातले जंतू साखरेचे आम्ल करतात, ते आम्ल दाताचे कवच पोखरते आणि त्यात पडलेला खड्डा कोणत्याही पाल्याने भरून येत नाही, हे डॉक्टरांनी माझे तोंड उघडे असताना, म्हणजे मला वाद घालता येणार नाही अशा वेळी, सांगितले. आतली कीड कोरून त्यांनी तात्पुरती भर घातली आणि तिचा वास येताच मी दचकलो. झिंक ऑक्साइडमध्ये कालवलेले ते युजेनॉलच होते.

घरी येऊन ही बातमी दिली, तेव्हा काकूंनी सगळ्या वाड्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, “आणि त्या लवंगेचे किती घेतले हो त्यांनी?”