मशीन बंद पडत नव्हतं, सर

नमस्कार सर, तुमचा रिव्ह्यू वाचला. वेल्डिंगचा धूर ओढणारं शेडमधलं हूड (धूर खेचणारं पाइपचं तोंड) नीट ओढतं का, हे पाहायला तुम्ही आमचं धुराचं मशीन भाड्याने मागवलं होतं. वाळूजहून शेंद्र्याला आमचा मुलगा पाऊण तास उशिरा पोचला आणि तुमचे कामगार शेडमध्ये ताटकळले. चूक आमची, मनापासून माफी मागतो. जालना रोडची गर्दी रोजचीच, लवकर निघायला हवं होतं.

पण "धुराचं मशीन दर दोन मिनिटांनी बंद पडलं, लग्नाच्या स्टेजवरचा डबा पाठवून 1,800 रुपये भाडं घेतलं" हे तुम्ही लिहिलंत, ते वाचून रात्री जेवण गेलं नाही. सर, ते बंद पडत नव्हतं. त्यात ग्लायकॉल आणि पाण्याचं मिश्रण असतं, ते तापलेल्या हीटरमधून गेलं की पांढरा धूर निघतो. सलग धूर सोडला की हीटर थंडावतो, रिमोटवरचा दिवा विझतो, पुन्हा तापेपर्यंत थांबावं लागतं. या आकाराची बहुतेक मशिनं अशीच चालतात. तुमच्याकडे तापायला जास्त वेळ लागला, कारण 1500 वॅटचं मशीन मोबाइल चार्जर लावायच्या बारीक वायरच्या बोर्डावर जोडलं होतं. प्लग हाताला चटका देत होता. 16 अँपिअरचं सॉकेट लागेल, हे बुकिंगलाच तुमच्या सुपरवायझरना सांगितलं होतं.

आणि धूर हूडात न जाता शटरकडे गेला, हा मशीनचा दोष कसा? समोर पेडेस्टल फॅन चालू होता. मुलाने दोनदा विनंती केली, पण कामगारांना उकडतं म्हणून तो बंद केला नाही. उकडतं हे खरंच, मे महिना आहे. पण तोच फॅन वेल्डिंगचा धूरही रोज तसाच कामगाराच्या तोंडावर आणतो. शिवाय हूडाचं तोंड सहा इंची आणि टेबलापासून दीड फूट लांब. अशा उघड्या तोंडापासून सहा इंचांवरच हवेची ओढ जेमतेम दहावा हिस्सा उरते. हेच डोळ्यांना दिसावं म्हणून तर मशीन मागवतात!

अकरा वर्षं वाळूजपासून जालन्याच्या स्टील कारखान्यांपर्यंत हेच काम करतोय. नवीन गिऱ्हाईक रिव्ह्यू वाचूनच फोन करतं, म्हणून एवढं लिहिलं.

उशिराबद्दल 500 रुपये परत करतो, यूपीआय नंबर कळवा. पुढे सॉकेटचं वगैरे लेखी पाठवू, वेळेचंही बघतो. फॅन अर्धा तास बंद ठेवणार असाल तर मी स्वतः मशीन घेऊन येतो, भाडं नको.