'जाणकार' यांना उत्तर : करवत कोणी धरली?

जाणकार (टोपणनाव तुम्हीच घेतलंत, मी दिलेलं नाही),

घानातल्या टेशी गावी विमान, कोकोची शेंग अशा आकारांच्या शवपेट्या करणाऱ्या केन क्वेई घराण्यावरचा माझा लेख तुम्हाला आवडला नाही, हरकत नाही. पण 'ज्यांनी आयुष्यात करवत धरली नाही त्यांनी शवपेट्यांवर लिहू नये', हे कुठल्या अधिकाराने?

माझे बाबा वसईत सुतार होते. एरवी दारं-खिडक्या, गावात कुणी गेलं की पेटी. तिन्हीसांजेला निरोप यायचा, दुसऱ्या दिवशी दुपारी मयत. रात्रभर पडवीत बल्ब, आणि फळीचं दुसरं टोक धरायला मी, वय वर्षं अकरा. मापाला सुतळी. उंचीची एक गाठ, खांद्याची दुसरी. खांद्याच्या गाठीपुढे बाबा दोन बोटं जागा सोडायचे, कारण हात छातीवर जोडले की कोपरं बाहेर येतात. हे वाचून कळत नाही, साहेब.

त्यामुळे टेशीचे कारागीर 'वावा' नावाचं मऊ, हलकं लाकूड वाकसाने तासतात आणि संग्रहालयाची ऑर्डर असली तर टणक लाकूड घेतात, हे मी लिहिलं ते प्रवाशाच्या कौतुकाने नाही. मातीत जायच्या पेटीला आमच्याकडेही सागवान कोण लावतं?

आता तुमचा मुद्दा. अशा आकारांच्या पेट्या घानातल्याच 'ला' गावचे कारागीर आताआ ओको आधीपासून करत होते आणि मुळात हे सगळं सरदारांच्या पालख्यांतून आलं, असं मानववंशशास्त्रज्ञ रेगुला त्शुमी यांचं संशोधन सांगतं म्हणता. असेल. कोकोच्या शेंगेच्या आकाराची पालखी, उत्सवाआधीच सरदाराचा मृत्यू, मग त्याच पालखीत दफन, ही गोष्ट मी दिलीच होती. विमानात कधीच न बसलेल्या आजीसाठी केन क्वेईंनी विमानाची पेटी केली, असं घराणं सांगतं. मी घराण्याचा इतिहास लिहीत होतो, पेटंटचा अर्ज भरत नव्हतो.

पेट्यांचे दुसरे कारागीर पा जो यांना वगळलं म्हणता. ते केन क्वेईंचे शिष्य, पण कार्यशाळा त्यांची वेगळी. संपलं.

केन क्वेईंच्या पेट्या जिथे मांडल्या, ते पॅरिसच्या पाँपिदू सेंटरमधलं प्रदर्शन मात्र १९८९ चं. मी १९८८ लिहिलं होतं. चूक माझी, दुरुस्त केली आहे. आभार.

'मरणाचा बाजार मांडलात' वगैरेला उत्तर देत बसत नाही.

बाबांची करवत माझ्या माळ्यावर आहे. मूठ तेवढी नवी बसवली. कधी आलात वसईला, तर धरून बघा.