उजव्या सोंडेचा मासा

रविवारी सकाळी सात वाजता मी बाथटबच्या काठावर उकिडवा बसून प्लास्टिकचा मासा पाण्यातून ओढत होतो, तेव्हा आई दारात येऊन उभी राहिली. अलिबागहून सहा महिन्यांसाठी डॅलसला आलेल्या बाईला इथल्या बऱ्याच गोष्टी अंगवळणी पडल्या होत्या. ही नवीन होती.

"काय रे, आंघोळ घालतोयस त्याला?"

"ट्यून करतोय. म्हणजे तंबोरा लावतात ना, तसं."

"मग आता गाणार का तो?"

तिचंही बरोबर होतं. या वस्तूला क्रँकबेट म्हणतात, म्हणजे मासे पकडायचं खोटं आमिष. बोटाएवढी लांबी, सुटलेलं पोट, हनुवटीतून पुढे आलेली पारदर्शक प्लास्टिकची जीभ आणि पोटाखाली तीन-तीन टोकांचे दोन गळ. दोरी गुंडाळायला लागलं की पाणी जिभेवर आपटतं, मासा बुडी मारतो आणि डुगडुगत येतो. बास नावाच्या इथल्या माशाला वाटतं, कुणीतरी दुखावलेला गरीब चालला आहे, गिळावा.

फिनलंडमध्ये लाउरी रापाला नावाच्या कोळ्याने हे फार पूर्वी हेरलं होतं. मोठा मासा शंभरांतून नेमका लंगडणारा निवडतो, हे पाहून त्याने 1936 साली बुचाच्या लाकडाचा मासा कोरला, त्याला चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि वर फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्यांचा लेप दिला. म्हणजे सगळी मदार लंगडण्यावर. पण (इथेच माझा संसार बिघडला) लंगडायचं ते सरळ रेषेत. डावीकडे जेवढं, उजवीकडे तेवढंच, लेझीम खेळल्यासारखं. आणि एकूण मोर्चा नाकासमोर.

माझा मासा नाकासमोर चालणाऱ्यांतला नव्हता. दहा फूट आला की तो उजवीकडे कलायचा, मग आडवा व्हायचा, आणि शेवटी पोट वर करून पृष्ठभागावर यायचा. पहिले दोन रविवार मी तळ्याला दोष दिला. नाचता येईना, अंगण वाकडं.

दोष नथीचा असतो. दोरी बांधायची जी तारेची कडी माशाच्या नाकात असते, ती केसभर जरी कलली तरी मासा त्या बाजूला पळतो. उपाय सोपा: टोकदार पक्कड घ्यायची आणि मासा ज्या बाजूला जातो त्याच्या उलट बाजूला कडी किंचित वाकवायची. पिरगळायची नाही, नुसती कलवायची. मी वाकवली. मासा आणखी उजवीकडे गेला. आणखी वाकवली. आता तो गोल फिरायला लागला.

बाथटबमध्ये एवढंच कळायचं की काहीतरी चुकतंय. पाच फुटांत कुणाला धड वाकडंही जाता येत नाही. म्हणून गळ काढून कॉलनीच्या पोहण्याच्या तलावावर गेलो. तिथल्या पाटीवर काचेच्या बाटल्या, कुत्री, धावणं या सगळ्यांना मनाई आहे. माशांचा उल्लेख नाही. (गळ काढले की वजन बदलतं आणि चालही बदलते, म्हणजे ती परीक्षाच फुकट, हे नंतर कळलं.) शेजारचा निवृत्त टेक्सन म्हातारा खुर्चीत पडून बघत होता. म्हणाला, "पोरा, बोटीच्या धक्क्याखाली मासा घुसवायचा म्हणून काही लोक मुद्दाम असा वाकडा करतात. तुझं तेच चाललंय ना?" मी लगेच हो म्हणालो. तलावाला धक्का नव्हता.

घरी बाकीचं प्रकरण उघडलं. गळ गंजले म्हणून मी एक नंबर मोठे लावले होते. पोट जड झालं आणि डुगडुगणं बंद. आमिषांच्या डब्यातल्या दुसऱ्या एका लाकडी माशाला टवका गेला होता, त्यातून पाणी शिरून तो फुगत होता. ती भेग बायकोच्या नेलपॉलिशने बुजवली. रंग तिचा लग्नसमारंभाचा होता, त्यावर मी जास्त लिहीत नाही. आणि मऊ रबरी गांडुळं मी याच डब्यात ठेवली होती. त्यांतलं तेल कडक माशांना चढतं. दोन मासे आणि चार गांडुळं यांचा एक जीव झाला होता.

शेवटी कडीचा घोळ आईने सोडवला. मी मासा हातात धरून पुटपुटत होतो, "उजवीकडे जातो, म्हणून डावीकडे..."

"कुणाच्या उजवीकडे?"

"म्हणजे?"

"अरे, उजव्या सोंडेचा गणपती म्हणतात, तेव्हा उजवी कुणाची, त्याची की आपली?"

मी गप्प झालो. मासा माझ्याकडे तोंड करून येत होता, आणि पक्कड लावताना मी त्याची शेपटी माझ्याकडे करून धरत होतो. त्याची डावी, माझी उजवी. तीन आठवडे मी मन लावून उलटी दुरुस्ती केली होती. आईने मासा देव्हाऱ्यात मूर्ती ठेवावी तसा तोंड समोर करून धरला. "आता वाकव."

वाकवली. सरळ!

पुढच्या शनिवारी दीड तास गाडी हाणून लेक फोर्कला गेलो. टेक्सासचा विक्रमी बास, 18.18 पौंडांचा, 1992 साली याच तळ्यातून निघाला. इथे 16 ते 24 इंचांचा बास परत पाण्यात सोडावा लागतो, हे आईला सांगितल्यावर तिने, "मग एवढी नथ कशाला घडवलीस?" असं विचारलं होतं. तळ्यात जुन्या झाडांचे खुंट अजून पाण्यात उभे आहेत. मी दोरी फेकली. मासा पाच फूट खाली गेला, काठीच्या टोकावर त्याची थरथर जाणवत राहिली, आणि तो नाकासमोर, सुतात, थेट एका खुंटात जाऊन रुतला.

वीस मिनिटं ओढून सुटला. पुढच्या फेकीला कलला.

आईचा फोन आला. "काय रे, गेला का सरळ?"

"गेला होता. आता डावीकडे जातोय."

"तुझ्या की त्याच्या?"