खुलासा : फीडवॉटर हीटरमुळे टर्बाइनचं काम वाढत नाही

‘औष्णिक वीजकेंद्रात टर्बाइनमधून थोडी वाफ काढून तिने बॉयलरमध्ये जाणारं पाणी (फीडवॉटर) तापवलं की टर्बाइन जास्त काम देतं, म्हणून कार्यक्षमता वाढते’ असं परीक्षेच्या नोट्समधून फिरत असतं. निष्कर्ष बरोबर, कारण साफ चूक. दर किलो वाफेमागे मिळणारं काम उलट कमी होतं.

आदर्श चक्राचं (घर्षणासारखं नुकसान न धरता) गणित मांडू. बॉयलर १५० बार, ६०० अंश सेल्सिअस, कंडेन्सर (वापरलेल्या वाफेचं थंड करून पाणी करणारा भाग) ०.१ बार. हीटर नसताना प्रतिकिलो उष्णता लागते सुमारे ३३७६ किलोज्यूल, निव्वळ काम १४५३, कार्यक्षमता ४३ टक्के. आता १२ बारला सुमारे २३ टक्के वाफ काढून एक ओपन हीटर (वाफ थेट पाण्यात मिसळणारा) लावा. काम १२८२ वर घसरतं, पण उष्णताही २७६९ वर येते. कार्यक्षमता ४६.३ टक्के!

काढलेली वाफ वाया जात नाही. १२ बारपर्यंत येताना तिने आपलं निम्मं काम केलेलंच असतं. उरलेलं निम्मं आपण सोडतो, पण त्या बदल्यात तिची सुप्त उष्णता (वाफेचं पाणी होताना निघणारी) कंडेन्सरच्या थंड पाण्यात न जाता फीडवॉटरमध्ये येते. बॉयलरला पाणी गरमच मिळाल्याने उष्णता सरासरी अधिक तापमानाला दिली जाते. खरी मेख इथे आहे.

मग हीटर बंद केल्यावर मेगावॅट वाढलेले दिसतात ते कसे? दिसणारच, सगळी वाफ टर्बाइनमधून शेवटपर्यंत जाते ना! फक्त तेव्हा इंधनाचा आकडाही बघावा, तो त्याहून जास्त प्रमाणात चढलेला असतो.