टोमॅटोला कार्बाइडची पुडी? अजिबात नको

‘थंड देशातही बी पेरल्यापासून 45 दिवसांत लालबुंद टोमॅटो’ असा एक फॉरवर्ड परदेशातल्या मराठी गटांत फिरतोय. उपाय चार: झाडाची सगळी पानं काढा, मुळाशी एप्सम सॉल्ट घाला, पाणी तोडा आणि कॅल्शियम कार्बाइडची ओलसर पुडी झाडाशी ठेवून वरून प्लास्टिक झाका. सिअ‍ॅटलजवळ राहणाऱ्या माझ्या मामेबहिणीने तो वाचून मला विचारलं, “ताई, कार्बाइड इथे कुठे मिळेल गं?” तिच्या घरात लहान मुलं आहेत. म्हणून आधी शेवटच्या उपायाबद्दलच बोलते.

कार्बाइडला पाणी लागलं की अ‍ॅसिटिलीन सुटतो. गॅस वेल्डिंगला वापरतात तोच हा वायू. हवेत अडीच टक्के मिसळला तरी एका ठिणगीने भडकतो. तो प्लास्टिकखाली कोंडायचा, आणि थंडी आहे म्हणून कुणी शेजारी हीटर लावला तर? हा सल्ला देणाऱ्याने क्षणभर तरी विचार केला होता का? शिवाय बाजारातल्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. ओल लागली की फॉस्फिनसारखा विषारी वायूही निघतो. भारतात फळं पिकवायला कार्बाइड वापरायला बंदी आहे. अन्नसुरक्षेच्या 2011 च्या विक्री-प्रतिबंध नियमांत 2.3.5 हा नियम आहे, तो काढून वाचा. आंब्याच्या मोसमात आपल्याकडे व्यापाऱ्यांवर धाडी पडतात त्या याचसाठी. आणि फॉरवर्ड म्हणतो, ‘घरगुती, सेंद्रिय उपाय’! एवढं करून फळ नीट पिकतही नाही. आत पुरतं न भरलेलं कोवळं फळ फार तर रंग बदलेल, चव येणार नाही.

पानं काढण्याचंही तसंच. टोमॅटो लाल व्हायला फळावर ऊन पडावं लागत नाही, ऊब लागते. लाल रंग देणारं लायकोपीन 20 ते 25 अंश सेल्सिअसला चांगलं तयार होतं. 10 च्या खाली पिकणं जवळजवळ थांबतं, 30 च्या वर लाल रंग धरत नाही. फळातली साखर पानं बनवतात. ती ओरबाडलीत तर फळ फिकं राहील आणि कडक उन्हात भाजेलही. जमिनीला टेकलेली खालची पानं तेवढी काढा.

एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. त्याचा पिकण्याशी संबंध नाही. जास्त झालं तर कॅल्शियमचं शोषण अडतं आणि फळाचं बूड काळं पडतं.

पाणी तोडण्यात थोडं तथ्य आहे, हे मान्य करते. मोसमाच्या शेवटी ताण दिला आणि शेंडे खुडले की भरलेली फळं लवकर रंग धरतात. पण जूनमध्ये पाणी तोडलंत तर फुलं गळतील.

आता ते 45 दिवस. लवकर येणाऱ्या वाणांच्या पाकिटावर 55-60 दिवस लिहिलेले असतात, पण ते रोप जमिनीत लावल्यापासूनचे. त्याआधी घरात रोप तयार करायला सहा ते आठ आठवडे जातात. फुलापासून लाल फळापर्यंतच दीड-दोन महिने लागतात, मग बियांपासून 45 दिवसांत काय पिकणार?

सिअ‍ॅटलकडची खरी अडचण रात्रीची आहे. रात्र 13 अंशांच्या खाली गेली की परागकण नीट काम करत नाहीत, फळधारणा होत नाही. यावर ओरेगन स्टेट विद्यापीठात जेम्स बॅगेट यांनी काम केलं आणि परागीभवनाशिवायही फळ धरणारे वाण काढले: ओरेगन स्प्रिंग, सिलेट्झ, लेजंड. लेजंड तर उशिरा येणाऱ्या करपा रोगालाही बऱ्यापैकी दाद देत नाही. बहिणीला मी हेच सांगितलं: यातलं एखादं लाव, मेच्या मध्यानंतर, दक्षिणेकडच्या भिंतीलगत, मुळाशी काळं प्लास्टिक अंथरून. ऑगस्टअखेर शेंडे खुड.

सप्टेंबरचा पाऊस लागायच्या आत पाडाला आलेली, म्हणजे बुडाशी किंचित गुलाबी झाक आलेली फळं उतरवा. आंब्याची अढी घालतो तशी ती घरात, कागदी पिशवीत, एका पिकलेल्या केळ्यासोबत ठेवा. केळं इथिलीन सोडतं. फळ पिकवणारा नैसर्गिक वायू हाच. पुरती हिरवी राहिलेली चटणीला घ्या. आणि पिशवी फ्रिजमध्ये ठेवू नका. तिथल्या थंडीत पिकणं थांबतं आणि चवही जाते.